रोपांच्या रकान्यात शून्य

आमच्या देवराईच्या कामाला पुण्याच्या एका धर्मादाय प्रतिष्ठानाने पैसे दिले, हे कळल्यापासून जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या गावांची मंडळी एकेक करून विचारून जातायत, "कसं मिळवलात? कुणाची ओळख होती काय?" ओळख कुणाचीच नव्हती. कागद होते, आणि जे करायचं ते का करायचं याचं उत्तर तयार होतं. हे सगळं कसं घडत गेलं ते सविस्तर लिहून ठेवतोय. अशी देवाची रानं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पुष्कळ आहेत, ती सांभाळायला माणसंही तयार आहेत. अडतं ते पैशापाशी आणि अर्जापाशी.

आधी मुलूख सांगतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. म्हादई देगावच्या रानातल्या झऱ्यांतून सुरू होऊन गोव्याकडे उतरते. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत मोठ्या कानांचं एक वटवाघूळ राहतं, शास्त्रज्ञ त्याला रॉटनचं वटवाघूळ म्हणतात. १९१३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि त्यानंतर कित्येक दशकं साऱ्या जगात त्याचं एवढं एकच ठिकाण माहीत होतं. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. ते झालं हे फार चांगलं झालं. पण अभयारण्याची हद्द संपते तिथं रान संपत नाही. हद्दीबाहेर गावोगावी काही एकरांच्या देवराया आहेत, त्यांच्या पोटात झरे आहेत. वड, उंबर पिकले की धनेश अभयारण्यातून आमच्या देवराईत येतात आणि खाल्लेल्या बिया पुन्हा तिकडे नेतात. या तुकड्यांसाठी सरकारात वेगळं खातं नाही, आणि अभ्यासक आले तरी ते मोठ्या जंगलासाठी येतात.

आमची देवराई सातेरी देवीची. जांभूळ, कुंभा, ऐन, नाणा, हिरडा, आणि दोन झाडांना कवेत घेऊन वर चढलेली गारंबीची वेल. आत कोयता-कुऱ्हाड चालवायची नाही, हा नियम आज्जा-पणज्यांपासून पाळत आलोय. तेवढ्यामुळे झाडं टिकली. पण कुऱ्हाड न लागताही रान मरू शकतं, हे आमच्या पिढीला बघायला मिळालं. कडेच्या माळावरून रानमोडी आत शिरली. अमेरिका खंडातून आलेलं हे झुडूप पावसात माणसाच्या डोक्यावर जातं, थंडीत फुलतं, त्याचं बी वाऱ्यावर उडतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत ते उभं वाळतं. मग कुणी काजूच्या बागेतला पाचोळा पेटवला, कुणी नवं गवत फुटावं म्हणून माळाला काडी लावली, की ती आग वाळलेल्या रानमोडीवरून सरळ देवराईच्या पोटात जाते. मोठी झाडं तग धरतात, खालची रोपं सगळी जातात. रानमोडीची मुळं मात्र जमिनीत जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाला ती पुन्हा फुटते. असं पाच-सात उन्हाळे झाले की देवराईत म्हातारी झाडं तेवढी उरतात, पोर एकही नाही.

हे थांबवायला दोन गोष्टी लागतात. पावसाळा संपता संपता, माती ओली असताना आणि फूल धरायच्या आत, रानमोडी मुळासकट उपटायची. आणि जानेवारी ते मेपर्यंत राखण ठेवायची. दोन्हीला लागते मजुरी. फुकटचं श्रमदान दोन रविवार चालतं. तिसऱ्या रविवारी ज्याची भाताची कापणी आली तो काय करणार?

पैशासाठी कुठं जायचं, याचा शोध आमच्या युवक मंडळाने सुरू केला तेव्हा चार वाटा दिसल्या. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्याप्रमाणे ती असायलाच हवी. तिच्याकडून गावाची जैवविविधता नोंदवही होते, आणि ती पुढे आम्हाला फार उपयोगी पडली. पण राखणदाराचा पगार तिच्याकडून निघण्यासारखा नव्हता. दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआरची. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम सांगतं की ज्या कंपन्यांची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. झाडं, प्राणी, पर्यावरण हे विषय त्यात बसतात. पण कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही तिथं लिहिलंय. आमच्या डोंगराच्या आसपास कारखाना कुठला? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आहेत, तिथल्या मंडळींना उद्यमबागेभोवतीच कामं पुष्कळ.

तिसरी वाट परदेशी संस्थांची. निसर्गरक्षणासाठी छोटी अनुदानं देणाऱ्या चांगल्या संस्था बाहेर आहेत. पण त्यांचा पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, मागच्या तीन वर्षांत तिने आपल्या कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत, आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडायला लागतं. पूर्वी एखादी मोठी संस्था बाहेरचा पैसा घेऊन त्यातला वाटा छोट्या संस्थेला देऊ शकत होती. २०२० च्या दुरुस्तीनंतर तेही बंद झालं. म्हणजे आमच्यासारख्यांना ती वाट नाहीच.

राहिली चौथी, देशातल्या धर्मादाय प्रतिष्ठानांची. एखादं कुटुंब किंवा उद्योजक मोठी रक्कम बाजूला काढून विश्वस्त संस्था करतो. ती मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि तिच्या उत्पन्नातून दरवर्षी अनुदानं दिली जातात. आयकर कायद्याचा नियम असा, की अशा संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के धर्मादाय कामावर लावायचे, नाहीतर ते पुढच्यासाठी राखून ठेवत असल्याचा रीतसर अर्ज आयकराकडे भरायचा. हा नियम अर्ज करणाऱ्याने नीट समजून घ्यावा. मार्च संपायच्या आत पैसे बाहेर जाण्याची घाई का असते, ते त्यात आहे.

अर्ज करायच्या आधी कागदांचं पुराण पुरं करायला लागलं. मंडळ कर्नाटक सोसायटी कायदा १९६० खाली नोंदलेलं होतं, पण बारा-ए आणि ऐंशी-जी ही आयकराची प्रमाणपत्रं नव्हती, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद नव्हती. बेळगावच्या एका सीएंनी ते सगळं करून दिलं आणि फी अगदी नावापुरती घेतली. खरी अडचण आली ती जमिनीच्या उताऱ्यापाशी. देवराई कुणाच्या नावावर आहे, हा प्रतिष्ठानाचा पहिला प्रश्न होता. गावाला विचारलं तर उत्तर एकच, "देवीची." ते कागदावर दाखवायचं होतं. उतारा कन्नडमध्ये, पंचायतीचा ठराव कन्नडमध्ये, प्रतिष्ठानाचा अर्ज इंग्रजीत, आणि देवस्थानच्या पंच कमिटीची जुनी वही मोडीत आणि मराठीत. आमच्या शाळेतल्या कन्नडच्या गुरुजींनी संध्याकाळी बसून एकेक कागद समजावून दिला. ते धारवाडकडचे. देवराईशी त्यांचा तसा काही संबंध नाही, पण एकही पान त्यांनी घाईने उरकलं नाही. सीमाभागातल्या भाषेच्या प्रश्नावर कोण काय म्हणतं ते म्हणू दे, आमच्या फाईलवर दोन्ही भाषांचे कष्ट आहेत आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

उताऱ्यावर बहुतेक क्षेत्र देवस्थानाचं निघालं, आणि वरच्या अंगाची एक पट्टी राखीव जंगलाची. त्या पट्टीत आम्ही हात लावायचा नाही हे वनखात्याच्या आरएफओ (परिक्षेत्र वनाधिकारी) साहेबांकडे जाऊन आधीच स्पष्ट करून घेतलं आणि तसं पत्रही घेतलं. ज्या गावांना अर्ज करायचाय त्यांनी इथून सुरुवात करावी. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय साधी फायर लाईनसुद्धा, म्हणजे आग अडवायला साफ केलेली पट्टी, काढता येत नाही, आणि कुठलंही जबाबदार प्रतिष्ठान वादातल्या जमिनीवर पैसा लावत नाही.

मग अर्ज. सुरुवातीला दोन पानांचं टिपण मागतात : काय वाचवायचंय, त्याला धोका कशाचा, तुम्ही काय करणार, किती खर्च. ते पसंत पडलं की पुरा प्रस्ताव. त्यात एक तक्ता होता आणि तक्त्यात रकाना, "लावायच्या रोपांची संख्या". मंडळातली पोरं म्हणाली, "हजार लिही की. देणाऱ्याला झाडं लावलेली आवडतात, फोटो येतात." मी शून्य लिहिलं. खाली कारण लिहिलं, की या देवराईत रोपांची उणीव नाही. रानमोडीच्या सावलीत वाकून बघा, जांभळाची, कुंभ्याची, नाण्याची बोटभर रोपं उभी आहेत. पाखरांनी पेरलेली, याच मातीतली. त्यांना आगीपासून चार-पाच वर्षं वाचवलं तर ती आपणहून वर जातील. बाहेरची रोपं आणून खड्डे मारले तर खड्ड्यापायी हीच मुळं तुटतील. आमच्या भागात अकेशियाच्या लागवडी बघून बघून लोकांना वाटायला लागलंय की जंगल म्हणजे ओळीत उभी केलेली झाडं. देवराईत तसलं काही होऊ द्यायचं नव्हतं. पैसा गेला तरी चालेल, पण तिथं चुकीचा आकडा घालायचा नाही, यावर मी अडून बसलो आणि शेवटी सगळ्यांनी मानलं.

त्या शून्यामुळेच बहुतेक, प्रतिष्ठानाच्या प्रकल्प बघणाऱ्या मॅडम स्वतः आल्या. सोबत एक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गणपती उठून गेले होते, पाऊस ओसरत होता, जळवा मात्र भरपूर. प्राध्यापकांनी सुतळीने दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखला आणि आतलं एकेक रोप आमच्याकडून मोजून घेतलं. झाडाचं नाव आम्ही सांगायचं, शास्त्रीय नाव ते लिहायचे. गावातल्या एका आज्जाला त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी झऱ्याला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असायचं ते विचारलं. आज्जाने सणांच्या हिशेबात सांगितलं, शिमग्यापर्यंत खळखळून, पाडव्यानंतर बारीक, पण आटत कधी नव्हतं. मॅडमनी ते जसंच्या तसं वहीत घेतलं. चांगल्या देणगीदाराची खूण कुठली असं मला कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन. आज्जाला जे माहीत होतं ते त्यांनी प्राध्यापकांच्या आकड्यांच्या शेजारच्या पानावर मांडलं.

अर्जात "स्थानिकांची संमती" असा एक मुद्दा होता. पंच कमिटी आणि हक्कदार म्हणाले, माणसांची सही होईल, पण देवराईत काम करायचं तर आधी देवीला विचारायला पाहिजे. रीतसर गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. उजवा कौल झाला, म्हणजे देवीचा होकार मिळाला. आज्जा म्हणाला, "लोखंड मात्र आत न्यायचं न्हाई. हातानं उपटा, देवी काय म्हणत न्हाई." प्राध्यापकांचं म्हणणंही तेच होतं. रानमोडी कापली की बुडख्यातून जोमाने फुटते, मुळासकट ओढली तर संपते. पंचांची बैठक, कौल, ठराव हे सगळं आम्ही संमतीच्या मुद्द्याखाली घडलं तसं लिहिलं. प्रतिष्ठानाने त्यावर एकही शंका काढली नाही.

खर्चाच्या अंदाजपत्रकावर मात्र बरीच ओढाताण झाली. प्रतिष्ठानं वस्तूंना सहज पैसे देतात, माणसाच्या वेळेला देताना कचरतात. कुंपण, बोर्ड, टाकी, यांची पावती मिळते आणि उद्घाटन होतं. आमच्या अंदाजपत्रकात मोठा भाग मजुरीचा आणि राखणीचा होता, आणि मॅडमना तो विश्वस्तांपुढे मांडायचा होता. त्यांनी विचारलं, तीन वर्षांनी आम्ही थांबलो तर राखणदाराचं काय? प्रश्न अगदी रास्त. आम्ही पंच कमिटीकडे गेलो. देवस्थानच्या उत्पन्नातून दुसऱ्या वर्षी राखणीचा थोडा वाटा, तिसऱ्या वर्षी निम्मा, आणि पुढे पूर्ण भार उचलायचा, असं पंचांनी ठरवून वहीत लिहिलं. बाहेरच्या पैशाच्या निमित्ताने देवराईची राखण गावाच्या खर्चात कायमची बसली. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातली ही सगळ्यांत मोठी मिळकत.

विश्वस्तांची बैठक फेब्रुवारीत असते. मंजुरी आली, करार झाला, आणि पहिला हप्ता मार्चमध्ये खात्यात जमा झाला. त्या उन्हाळ्यापुरती उरलेली राखण तेवढी झाली. मुख्य काम सप्टेंबरमध्ये. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं, रानाचं पावसाबरोबर. या दोहोंची सांगड घालण्यात छोट्या संस्था फार भरडल्या जातात. मार्चअखेर पैसा संपवायचा म्हणून नको त्या वस्तूंची खरेदी होते आणि सप्टेंबरात मजुरीला काही उरत नाही. आम्ही करारातच लिहून घेतलं की प्रकल्पाचं वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट धरायचं. वर्षाच्या शेवटी आलेला पैसा पुढच्या वर्षी खर्चायचा असेल तर तेव्हा आयकराकडे नऊ-ए नावाचा अर्ज मुदतीत भरायला लागायचा, ते आमच्या सीएंनी सांभाळलं. आलेल्या देणगीची माहितीही आयकराकडे मुदतीत भरायची असते (तेव्हा ती ३१ मेपर्यंत दहा-बीडी अर्जात भरायची होती), तीही विसरू नये. उशिराला दंड आहे.

सप्टेंबरात स्त्रीशक्ती संघाच्या बायका कामाला लागल्या. चिखलात उभं राहून एकेक बुडखा ओढायचा, माती झटकायची, देवराईबाहेर ढीग लावायचा. खालचं रोप तुडवायचं नाही म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक रोपाशेजारी बारीक काठी रोवली; नंतर त्याची गरज राहिली नाही, त्यांची नजर आमच्याहून तयार झाली. एक मावशी रोप दिसलं की हाक मारायच्या, "हितं कुंभा हाय, बेतानं!" मजुरी थेट बँक खात्यात. हजेरीपत्रक मराठीत, त्याची प्रत इंग्रजीत. ज्यांची खाती आधारशी जोडलेली नव्हती त्यांना खानापूरला नेऊन ती जोडून आणायला लागली. हे सगळं कटकटीचं आहे खरं, पण त्याच हजेरीपत्रकावर बायकांना आपण वर्षाला किती दिवस रानासाठी दिले ते पहिल्यांदा लिहिलेलं दिसलं.

हिशेबाच्या बाबतीत एक सांगायला हवं. गावात पक्की बिलं मिळत नाहीत. सुतळी दुकानातून, ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, चहा घरचा. प्रतिष्ठानाने यासाठी व्हाउचरची पद्धत शिकवली : कुणाला, कशासाठी, किती, सही आणि एक साक्षीदार. वर्षअखेरीला सीएंचं उपयोगिता प्रमाणपत्र. दुसरा हप्ता ते मिळाल्यावर आणि मधला अहवाल वाचल्यावर. शेवटचा थोडा भाग काम पूर्ण झाल्यावर. म्हणजे शेवटचे महिने हातचे पैसे घालून काम ओढायची तयारी ठेवावी लागते. छोट्या संस्थेला हे जड जातं, आणि प्रतिष्ठानांनी इथं हात थोडा सैल करावा असं मी मॅडमना स्पष्ट सांगितलंय.

अहवालाला आकडे लागतात, म्हणून आम्ही तेच चौकोन दरवर्षी मोजतो. झऱ्याखाली बादली धरून ती भरायला किती वेळ लागतो ते हायस्कूलची मुलं महिन्यातून एकदा लिहितात. आग कुठून आली, कधी विझवली, कुणी बघितली, याची वही राखणदाराकडे. पहिल्या पुऱ्या उन्हाळ्यात माळावर आग आली, फायर लाईनपर्यंत आली आणि तिथं अडली. राखणदाराने ओरड केली, पोरं ओल्या फांद्या घेऊन धावली. आत एक ठिणगी गेली नाही. झऱ्याचं पाणी वाढलं की नाही हे एवढ्यात सांगता येणार नाही आणि तसा दावा आम्ही अहवालात केलाही नाही. रोपं मात्र वाढलीत. सुतळीच्या चौकोनातल्या जांभळांना आता काठीची खूण लागत नाही.

सध्या दुसरा प्रस्ताव तयार होतोय, वरच्या वाडीच्या देवराईसाठी. तिथल्या उताऱ्यावर नाव सरकारचं निघालं, त्यामुळे तलाठी आणि आरएफओ ऑफिसला फेऱ्या चालू आहेत. आमच्या पट्ट्यातल्या ज्या गावांना अर्ज करायचाय त्यांनी आमची फाईल बघायला यावं. उतारा, पंचायतीचा ठराव, पंच कमिटीचा ठराव, बारा-ए, ऐंशी-जी, दर्पणचा क्रमांक आणि दोन पानांचं टिपण, सगळ्यांच्या प्रती एकत्र लावून ठेवल्यात. अर्ज जुलैपर्यंत पोचला तर पाहणी सप्टेंबरात होते, रोपं डोळ्यांना दिसतात तेव्हा.